अडखळत्या वाचनाकडून ओघवत्या वाचनाकडे

‘बिबवेवाडी’ हा शब्द मोठ्या माणसाला एका दृष्टिक्षेपात वाचता येतो. तो पाच अक्षरांचा आहे, याची जाणीवही त्याला होत नाही. दुसरीतल्या मुलासाठी मात्र हा शब्द म्हणजे एक परीक्षाच असते. पहिली चारही अक्षरे ब आणि व यांचीच आणि या दोहोंत फरक काय, तर पोटातील एका तिरप्या रेघेचा. पहिल्या अक्षराची वेलांटी लिहिली जाते आधी आणि उच्चारली जाते नंतर. शेवटच्या अक्षराची वेलांटी मात्र दुसऱ्या बाजूला. त्यातही लिहिताना अक्षरे पाच, पण बोलताना दुसरा ‘ब’ जवळजवळ अर्धाच. बसच्या पाटीवर बोट ठेवून ‘बि... ब... वे... वा... डी’ असे वाचणारे मूल शेवटच्या अक्षरापर्यंत पोचते, तेव्हा सुरुवातीची अक्षरे त्याच्या मनातून निसटलेली असतात. त्याला अक्षरे येतात. वाचन येत नाही.

पुण्याच्या दक्षिणेकडील या उपनगराचे शैक्षणिक चित्रही त्याच्या नावासारखेच गुंतागुंतीचे आहे. एका बाजूस मार्केट यार्डातील हमाली, तोलाई आणि भाजीपाल्याच्या व्यवहारावर पोट असलेली कुटुंबे, दुसरीकडे अप्पर इंदिरानगरची दाट वस्ती, तर गंगाधामच्या बाजूला व्यापारी आणि नोकरदारांची गृहसंकुले. अशा परिसरातील शाळेच्या एका वर्गात घरी मराठी बोलणारी, हिंदी बोलणारी, कानडी वा तेलुगू बोलणारी, मारवाडी वा गुजराती बोलणारी मुले शेजारी शेजारी बसू शकतात. कोणाच्या घरी रोज वर्तमानपत्र येते, तर कोणाच्या घरात शाळेची पायरी चढणारे ते पहिलेच मूल असते. १ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या शिक्षण हक्क कायद्यातील पंचवीस टक्के जागांच्या तरतुदीमुळे हे वैविध्य खासगी शाळांच्या वर्गांतही पोचले. पाठ्यपुस्तक मात्र सर्वांच्या हाती एकच असते. अशा वर्गात प्रत्येक मुलाचे वाचन ओघवते कसे करावे, हा प्राथमिक शिक्षणापुढील सर्वांत कळीचा प्रश्न होय.

ओघवते वाचन म्हणजे काय?

ओघवत्या वाचनाची तीन अंगे मानली जातात : अचूकता, योग्य गती आणि भावानुरूप उच्चारण. शब्द बरोबर वाचणे, तो अडखळल्याशिवाय वाचणे आणि विरामचिन्हांची दखल घेत, अर्थाप्रमाणे शब्द एकत्र बांधत वाचणे, या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या म्हणजे वाचनास ओघ येतो. केवळ वेगाने वाचणे म्हणजे ओघवते वाचन नव्हे. पूर्णविराम ओलांडून धावत सुटणारे मूल वेगवान असले, तरी त्याला अर्थ लागतोच असे नाही.

गतीला महत्त्व येते ते वेगळ्या कारणाने. माणसाचे अवधान मर्यादित असते. १९७४ मध्ये डेव्हिड लाबर्ज आणि एस. जे सॅम्युअल्स या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी मांडलेल्या उपपत्तीनुसार, अक्षरे ओळखण्यातच सारे अवधान खर्ची पडले, तर अर्थ लावण्यासाठी काही शिल्लक राहत नाही. सरावाने शब्दओळख आपोआप होऊ लागली, की मन अर्थाकडे वळू शकते. सायकल शिकणाऱ्याचे सारे लक्ष तोल सांभाळण्यात असते. तोल साधला, की त्याला रस्ता दिसू लागतो. वाचनाचेही तसेच आहे. म्हणूनच ओघ हा अक्षरओळख आणि आकलन यांना जोडणारा पूल समजला जातो.

हा पूल तिसरीपर्यंत बांधला गेला नाही, तर पुढची हानी केवळ भाषा विषयापुरती राहत नाही. तिसरीपर्यंत मूल वाचायला शिकते. त्यानंतर वाचून शिकावे लागते. परिसर अभ्यासाचा धडा, गणितातील शाब्दिक उदाहरण, प्रश्नपत्रिकेतील सूचना, सारे काही वाचनावर अवलंबून असते. मूल गणितात कच्चे आहे असे सांगितले जाते, तेव्हा अनेकदा ते उदाहरणच वाचू शकत नसते.

देवनागरीची वाट

इंग्रजी वाचनाविषयीचे निष्कर्ष मराठीला जसेच्या तसे लागू पडत नाहीत. इंग्रजीत चिन्हे अवघी सव्वीस, पण त्यांचे उच्चार बेभरवशाचे. देवनागरीत उच्चार बऱ्याच अंशी निश्चित, पण चिन्हांचा पसारा मोठा. प्रत्येक व्यंजनाची बाराखडी धरली, तर चिन्हरूपे चारशेच्या घरात जातात, जोडाक्षरे निराळीच. सोनाली नाग यांनी कन्नड भाषेतील वाचनावर केलेल्या संशोधनातून असे दिसले, की अक्षरचिन्हांच्या या मोठ्या संचावर प्रभुत्व येण्यास प्राथमिक शाळेची पहिली काही वर्षे लागतात. ते पहिलीतच पूर्ण होत नाही. मराठीची लेखनव्यवस्थाही त्याच जातकुळीची आहे. त्यामुळे दुसरीतील मूल जोडाक्षराशी अडले, तर ते मंद ठरत नाही.

मराठी वाचनात मुले नेमकी कोठे अडतात, हे शिक्षकास ठाऊक असले म्हणजे निम्मे काम होते. ध आणि घ, भ आणि म, थ आणि य ही दिसण्यात सारखी अक्षरे हा पहिला अडथळा. ‘पिशवी’सारख्या शब्दात एक वेलांटी डावीकडे आणि दुसरी उजवीकडे येते, हा दुसरा. र हे अक्षर तर बहुरूपीच आहे : ‘सूर्य’मध्ये तो डोक्यावर बसतो, ‘प्रकाश’मध्ये पायाशी येतो, ‘ट्रक’मध्ये आणखी वेगळा दिसतो, ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ यांत तर त्याच्या रूपाने अर्थच बदलतो. अनुस्वाराचा उच्चार ‘आंबा’, ‘घंटा’ आणि ‘पंखा’ या तीन शब्दांत तीन प्रकारचा. च आणि ज यांचे दोन दोन उच्चार असून लिपीत त्यासाठी वेगळी खूण नाही. ‘जग’ हा शब्द विश्व या अर्थी एका प्रकारे आणि ‘जगणे’ या अर्थी दुसऱ्या प्रकारे वाचावा लागतो. येथे अक्षरज्ञान पुरत नाही. वाक्याचा अर्थ कळला, तरच उच्चार बरोबर येतो.

मराठीचे आणखी एक वैशिष्ट्य म्हणजे शब्दांची लांबी. विभक्तिप्रत्यय आणि शब्दयोगी अव्यये शब्दाला जोडूनच येतात. ‘मुलांसाठीसुद्धा’ हा मराठीत एक शब्द. इंग्रजीत त्याचे तीन-चार शब्द होतात. त्यामुळे दर मिनिटाला वाचलेल्या शब्दांची इंग्रजीशी तुलना करणे चुकीचे ठरते. अमेरिकेत तिसरीच्या अखेरीस मधल्या स्थानावरील विद्यार्थी मिनिटाला सुमारे ११२ शब्द अचूक वाचतो, असे २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेले तेथील प्रमाण सांगते. मराठी मुलाला तोच गज लावून चालणार नाही.

आकडे काय सांगतात?

५ जुलै २०२१ रोजी केंद्र सरकारने सुरू केलेल्या ‘निपुण भारत’ अभियानाने भारतीय भाषांसाठी स्वतंत्र उद्दिष्टे ठरविली. त्यांनुसार दुसरीच्या मुलाने अपरिचित उताऱ्यातील मिनिटाला ४५ ते ६० शब्द आणि तिसरीच्या मुलाने किमान ६० शब्द अचूक व अर्थ समजून वाचणे अपेक्षित आहे. हे उद्दिष्ट गाठण्यासाठी २०२६-२७ पर्यंतची मुदत ठेवण्यात आली. मार्च २०२२ मध्ये ‘एनसीईआरटी’ने तिसरीच्या विद्यार्थ्यांचे वीस भाषांत सर्वेक्षण केले आणि त्यात मुलांना प्रत्यक्ष वाचायला लावून तोंडी वाचनाची पातळी तपासली. लेखी परीक्षेत वाचनातील अडखळणे दिसत नाही. ते ऐकावेच लागते, हे या पद्धतीने अधोरेखित केले.

‘प्रथम’ संस्थेच्या पुढाकाराने २००५ पासून होणाऱ्या ‘असर’ सर्वेक्षणाचे निष्कर्षही विचार करायला लावणारे आहेत. ग्रामीण भारतातील पाचवीच्या मुलांपैकी दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचू शकणाऱ्यांचे प्रमाण २०१८ मध्ये ५०.५ टक्के होते. करोनाकाळातील शाळाबंदीनंतर, २०२२ मध्ये, ते ४२.८ टक्क्यांवर घसरले आणि २०२४ मध्ये ४८.८ टक्क्यांपर्यंत सावरले. म्हणजे पाचवीतील सुमारे निम्मी मुले अजूनही दुसरीचा मजकूर वाचू शकत नाहीत. हे सर्वेक्षण ग्रामीण भागापुरते असल्याने पुण्यासारख्या शहरातील वस्त्यांचे चित्र त्यात उमटत नाही. शहरात वाचन आपोआप सुधारते, असे मानण्याचे मात्र काही कारण नाही.

महाराष्ट्रात या प्रश्नाला २०२३ पासून आणखी धार आली आहे. २०२३ मध्ये राज्याने शिक्षण हक्क नियमांत बदल करून पाचवी आणि आठवीसाठी वार्षिक परीक्षा लागू केली. पुनर्परीक्षेतही अनुत्तीर्ण झालेल्या विद्यार्थ्यास त्याच वर्गात ठेवण्याची तरतूद तीत आहे. पूर्वी अडखळत वाचणारे मूल निदान आठवीपर्यंत वर्गमित्रांसोबत पुढे सरकत असे. आता पाचवीतच त्याच्यावर अनुत्तीर्णतेचा शिक्का बसू शकतो. वाचन न शिकविण्याची चूक व्यवस्थेची असते आणि शिक्षा मात्र मुलाला होते.

एका वर्गातील अनेक वाचक

अडखळणारी सर्व मुले एकाच कारणाने अडखळत नाहीत. काहींची अक्षरओळखच अपुरी असते. काहींना सुटी अक्षरे येतात, पण ती जोडून शब्द करता येत नाही. काही मुले धडा तोंडपाठ करून ‘वाचतात’. पान बदलले, की त्यांचे वाचन थांबते. काहींना शब्द वाचता येतो, पण तो शब्दच त्यांच्या भाषेत नसतो. हंगामी कामासाठी पालक गावी गेल्याने काहींची उपस्थिती तुटक असते. काहींना फळ्यावरचे नीट दिसत नाही वा ऐकू कमी येते आणि ही साधी बाब वर्षानुवर्षे कोणाच्या लक्षातच आलेली नसते.

घरची भाषा वेगळी असणाऱ्या मुलांच्या बाबतीत विशेष सावधगिरी हवी. ‘पाणी’ला ‘पानी’ म्हणणारे मूल चुकीचे वाचत नसते. ते बरोबर वाचून आपल्या बोलीत उच्चारत असते. प्रत्येक ण आणि ळ यांवर त्याला अडविले, तर वाचनाचा ओघ तुटतो आणि आत्मविश्वासही. उच्चाराची सुधारणा बोलण्याच्या तासाला करावी, वाचनाच्या मध्येच नव्हे. हिंदी घरातील मुलाला लिपी ओळखीची असते, शब्द अनोळखी असतात. अशा वेळी वाचनापूर्वी पाच-सहा नव्या शब्दांविषयी चित्रे दाखवून गप्पा मारल्या, तर तेच मूल सहज वाचू लागते.

वाचनअक्षमता, म्हणजे डिस्लेक्सिया असलेली मुले हा आणखी एक गट. डिसेंबर २००७ मध्ये आलेल्या ‘तारे जमीं पर’ या चित्रपटानंतर हा शब्द घराघरांत पोचला. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मधील २१ प्रकारांमध्ये विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा समावेश झाला असून त्यामुळे अशा विद्यार्थ्यांना परीक्षेत जादा वेळ, लेखनिक यांसारख्या सवलती मिळू शकतात. तिचा बुद्धिमत्तेशी संबंध नसतो. निदान तज्ज्ञांकडूनच व्हावे लागते आणि प्रमाणपत्राचा विचार सामान्यतः वयाच्या आठव्या वर्षापासून होतो. परंतु मदतीसाठी प्रमाणपत्राची वाट पाहण्याची गरज नाही. दुसरीकडे, नीट शिकविलेच न गेलेल्या प्रत्येक मुलाला ‘डिस्लेक्सिक’ ठरविणेही तितकेच अन्यायाचे.

आधी मोजमाप

उपाय करण्यापूर्वी प्रत्येक मूल कोठे उभे आहे, हे समजून घ्यावे लागते. त्यासाठी महागडी साधने लागत नाहीत. मुलाने पूर्वी न वाचलेला, त्याच्या इयत्तेचा एक उतारा घ्यावा. शांत कोपऱ्यात बसवून त्याला एक मिनिट वाचू द्यावे. वाचलेल्या एकूण शब्दांतून चुकलेले शब्द वजा करावेत. ६८ शब्द वाचले आणि ८ चुकले, तर अचूक शब्द ६० होतात. त्यानंतर उताऱ्यावर तीन-चार सोपे प्रश्न विचारावेत. बोलीभाषेतील उच्चार आणि मुलाने स्वतःहून दुरुस्त केलेला शब्द चूक धरू नये.

एक-दोन वाक्यांतच मूल थांबले, तर उतारा बाजूला ठेवून अक्षर, शब्द, सोपा परिच्छेद आणि गोष्ट या पायऱ्यांवर त्याची पातळी पाहावी. ‘असर’ची चाचणी याच पायऱ्यांवर आधारलेली आहे. ही नोंद दीड-दोन महिन्यांनी पुन्हा घ्यावी. ती वर्गात जाहीर करू नये वा गुणपत्रिकेत लिहू नये. मुलाची तुलना त्याच्या आधीच्या नोंदीशीच व्हावी. मोजणी शिक्षकासाठी असते, शर्यतीसाठी नव्हे.

वर्गात काय करता येईल?

एकेकाला उभे करून धड्यातील एकेक परिच्छेद वाचून घेण्याची पद्धत सर्वत्र रूढ आहे. तीत चाळीस मुलांच्या वर्गात प्रत्येकाच्या वाट्याला जेमतेम एक मिनिट येते. चांगले वाचणारे कंटाळतात आणि अडखळणाऱ्याची सर्वांदेखत फजिती होते. त्याऐवजी सर्व मुलांना एकाच वेळी वाचण्याची संधी देणाऱ्या पद्धती अधिक उपयुक्त ठरतात.

आदर्श वाचन : शिक्षकाने रोज काही मिनिटे भावपूर्ण वाचून दाखवावे आणि मुलांनी मजकुरावर बोट फिरवत ऐकावे. ओघवते वाचन कसे ऐकू येते, हे अनेक मुलांना येथेच प्रथम कळते.

प्रतिध्वनी आणि समूहवाचन : शिक्षकाने एक वाक्य वाचावे, मुलांनी मागोमाग तेच वाचावे; नंतर सर्वांनी एका सुरात. समूहाच्या आवाजात अडखळणाऱ्याची चूक झाकली जाते आणि त्याला पुढे जाण्याचे बळ मिळते. बालगीते, कविता यांसाठी उत्तम.

पुनर्वाचन : सॅम्युअल्स यांनी १९७९ मध्ये मांडलेली ही पद्धत साधी आहे. ५० ते २०० शब्दांचा उतारा मुलाने तीन-चार वेळा वाचायचा. दर वेळी गती वाढते, चुका घटतात आणि त्याचा लाभ पुढील नव्या उताऱ्यालाही होतो. अमेरिकेच्या राष्ट्रीय वाचन मंडळाने २००० मध्ये मार्गदर्शनाखालील मोठ्याने पुनर्वाचनाचा परिणाम अनुकूल असल्याचे नमूद केले होते.

जोडीवाचन : सर्वांत हुशार मुलाची जोडी सर्वांत मागे असलेल्याशी लावली, तर दोघेही वैतागतात. चाळीस मुलांचा क्रम मनाशी धरून पहिल्याची जोडी एकविसाव्याशी, दुसऱ्याची बाविसाव्याशी लावली, तर अंतर फार राहत नाही. एकाने वाचावे, दुसऱ्याने ऐकून मदत करावी, मग अदलाबदल.

नाट्यवाचन : संवाद असलेली गोष्ट पात्रे वाटून वाचायची, पाठांतर नको, वेशभूषा नको. चांगले सादर करायचे म्हणून मुले तोच मजकूर आनंदाने दहा वेळा वाचतात. कमी वाचणाऱ्यास छोटी, पण महत्त्वाची भूमिका देता येते.

चाळीस मिनिटांच्या तासिकेत पाच मिनिटे आदर्श वाचन, पाच मिनिटे समूहवाचन, दहा मिनिटे जोडीवाचन, पंधरा मिनिटे पातळीनुसार गटकार्य आणि पाच मिनिटे गप्पा, अशी विभागणी बसते. गटकार्यात शिक्षकाने सर्वांत गरजू सहा-सात मुलांसोबत बसावे, इतरांनी पुस्तकपेटीतील पुस्तके वाचावीत. सरावाचा मजकूर मुलाच्या आवाक्यातला हवा. दहा शब्दांत एकाहून अधिक शब्द अडत असतील, तर तो मजकूर त्या मुलासाठी अद्याप कठीण आहे, असे समजावे.

सरावासाठी परिसरही पुस्तकाइतकाच उपयोगी पडतो. स्वारगेट, कात्रज, अप्पर डेपो, मार्केट यार्ड या बसच्या पाट्या पाहा : प्रत्येकीत एक तरी जोडाक्षर आहे आणि ‘मार्केट यार्ड’मध्ये तर दोन रफार. मुलाने रोज ऐकलेले आणि पाहिलेले हे शब्द जोडाक्षरांचा पहिला धडा होऊ शकतात.

महाराष्ट्राचा अनुभव

राज्याला या कामाची परंपरा आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डी आणि पुढे कोसबाड येथे, मुलाच्या जीवनातून शिक्षण उभे करण्याचा प्रयोग केला. फलटण येथे भाषाशास्त्रज्ञ मॅक्सिन बर्नसन यांनी प्रगत शिक्षण संस्थेमार्फत वंचित घरांतील मुलांच्या वाचनाचा प्रश्न हाती घेतला. संपूर्ण वर्णमाला, मग बाराखडी आणि मग शब्द या क्रमाऐवजी निवडक अक्षरे व स्वरचिन्हे एकत्र शिकवून मुलाला लवकर अर्थपूर्ण शब्द वाचू देणे, हे त्या पद्धतीचे सूत्र. पालघर जिल्ह्यातील वाडा तालुक्यात ‘क्वेस्ट’ संस्थेने भाषाशिक्षणाचे काम केले. वाडा आणि कर्नाटकातील यादगीर येथे २०११ ते २०१६ या काळात झालेल्या दीर्घ अभ्यासाने दाखविले, की वर्गातील बराच वेळ अक्षरे गिरविण्यात आणि नक्कल करण्यात जातो. सलग मजकूर वाचण्याची आणि अर्थाविषयी बोलण्याची संधी मुलांना फार थोडी मिळते.

पुण्यात बांधकाम मजुरांच्या व वस्त्यांतील मुलांसाठी ‘डोअर स्टेप स्कूल’ १९९३ पासून काम करीत आले आहे. वाचनाची गोडी लागण्यासाठी पुस्तके मुलांपर्यंत नेली पाहिजेत, हा त्या कामाचा धडा आहे. १९६७ मध्ये स्थापन झालेली ‘बालभारती’ आणि राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषद या दोन्ही संस्थाही याच शहरात आहेत. पुस्तके, प्रशिक्षण आणि अनुभव हाताशी असलेल्या शहरात न वाचता येणारे मूल पाचवीत पोचावे, ही बाब म्हणूनच अधिक बोचते.

घराचा वाटा

पालकांना वाचता येत नसेल, तर ते काय करणार, असा प्रश्न विचारला जातो. ऐकणे तर कोणालाही शक्य असते. मार्केट यार्डातून दमून आलेल्या आईने वा वडिलांनी रोज दहा मिनिटे मुलाचे वाचन ऐकले आणि ‘मग पुढे काय झाले?’ एवढे विचारले, तरी पुनर्वाचन आणि आकलन दोन्ही साधते. सुशिक्षित घरांत उलट धोका असतो. मूल थांबताच शब्द पुरविला जातो. त्याला चार-पाच सेकंद विचार करू द्यावा, मग मदत करावी आणि ते वाक्य पुन्हा वाचून घ्यावे. इंग्रजी माध्यमात शिकणाऱ्या मुलांच्या घरी बोलीभाषेतील गोष्टीची पुस्तके असली, तर तो सराव वाया जात नाही; अर्थ शोधत वाचण्याची सवय एका भाषेतून दुसऱ्या भाषेत जाते.

‘ढ’ हे अक्षर मराठी वर्गात पिढ्यान्पिढ्या शिवीसारखे वापरले गेले. अडखळत वाचणाऱ्या मुलाला ते चिकटते, तेव्हा ते वाचन टाळू लागते; टाळल्यामुळे सराव घटतो आणि सराव घटल्याने आणखी अडखळते. हे चक्र भेदण्यासाठी रोजची चाळीस मिनिटे, आवाक्यातील पुस्तके आणि न हसता ऐकणारे कोणीतरी एवढेच लागते. ते मिळाले, तर बसच्या पाटीवरील ‘बिबवेवाडी’ वाचताना त्या मुलाचे बोट अक्षराअक्षरावर थांबणार नाही. ते सरळ बसमध्ये चढेल.